पाचव्या मजल्यावरची खिडकी

२ डिसेंबर २०१८, रविवार

संगिताने आज मला हादरवलं. जमिनीने हादरवलं की बायकोने, हे आमच्या डहाणूच्या भागात गेल्या महिन्यापासून वेगळं लिहून ठेवावं लागतं.

सकाळी धुंदलवाडीच्या भूकंपाची बातमी पेपरला पाठवून चहाला बसलो होतो. ती चिकू सोलत होती. सोलता सोलता म्हणाली, "अहो, जानेवारीत आपण बोटीवर जाऊ या. मोठी बोट असते ना, मुंबईहून गोव्याला जाऊन परत येते, तीन रात्री. माझ्या ठेवीची मुदत संपतेय. पैसे मी भरणार."

सव्वीस वर्षांच्या संसारात ह्या बाईने माझ्याकडे मागितलेल्या गोष्टी: एक मिक्सर, एक शिडी, आणि मी घोरणं थांबवावं. पहिल्या दोन दिल्या. आता एकदम जहाज. 

"अचानक?"

"अचानक नाही. बघायचंय."

"काय बघायचंय?"

"सगळं."

मी म्हटलं, विचार करू. त्यावर ती म्हणाली, "जायचं ठरलंय. विचार तुम्ही केबिनचा करा, कुठली घ्यायची ते. खिडकी असेल अशी बघा."

कोसबाडच्या शाळेत चोवीस वर्षं मुलांना गप्प बसवणारी बाई. तिच्या 'ठरलंय'पुढे कोण बोलणार?

५ डिसेंबर, बुधवार

दुपारी जिग्नेशकडे गेलो. स्टेशनजवळ त्याचं दुकान आहे. एका टेबलावर प्रवासाची तिकिटं, दुसऱ्यावर झेरॉक्स. त्याने जहाजाचा नकाशा छापून दिला. मजल्यावर मजले, मजल्यांत खोल्या, प्रत्येक खोलीला नंबर. मधमाश्यांचं पोळं उभं चिरून दाखवावं तसं.

खोल्या तीन प्रकारच्या. बाल्कनीच्या, खिडकीच्या, आणि ज्यांना काहीच नाही त्या 'आतल्या'. मी चाटच पडलो. पैसे घेऊन माणसाला बिनखिडकीच्या खोलीत ठेवायचं, ह्याला आमच्याकडे पूर्वी दुसरा शब्द होता.

जिग्नेश म्हणाला, "सर, आतली एकदम सस्ती. लोक तेच घेते. झोपायचा तर आहे, झोपेत खिडकीतून कोण बघते?"

ह्या युक्तिवादात मला खोट सापडेना. नकाशा घेऊन घरी आलो आणि पेन्सिलने खुणा करत बसलो. नाचघराच्या खाली नको. लिफ्टशेजारी नको. पोहण्याच्या तलावाखाली नको, सकाळी खुर्च्या ओढतात म्हणे. वास्तुशास्त्रही आठवून पाहिलं. पण आग्नेयेला चूल सांगणाऱ्या शास्त्रकारांना तासातासाला तोंड फिरवणारं घर ठाऊक नव्हतं. ते प्रकरण सोडून दिलं.

गंमत अशी की महिनाभर मी तलासरीच्या आणि डहाणूच्या पाड्यांवर फिरून लोकांना एकच प्रश्न विचारतोय: रात्री कुठे झोपता? अंगणात, ताडपत्रीखाली, दारापाशी, अशी उत्तरं वहीत लिहितोय. धुंदलवाडीच्या काकड्या नावाच्या माणसाने तर सांगितलं, "मी दारात झोपतंय, बायको बाहेर. हाललं का ती हाक मारते, मी आत जाऊन बकरी सोडतंय." आता तोच प्रश्न स्वतःला विचारायची पाळी आली आणि माझ्याकडे बकरीसुद्धा नाही.

९ डिसेंबर, रविवार

तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा म्हणून खाडीवर नारूकडे गेलो. नारू चाळीस वर्षं तांडेल होता, म्हणजे मासेमारीच्या होडीचा कारभारी. आता गुडघे गेले, त्यामुळे किनाऱ्यावर बसून इतरांचे दोष काढतो. त्याची बायको पुतळी बोंबील वाळत घालत होती.

नकाशा त्याच्या मांडीवर पसरला. त्याने तो उलटा धरला, सुलटा केला, आणि मधोमध खाली अंगठा ठेवला.

"हितं. नाळ, म्हंजे पुढचं टोक, उडतं. मागं इंजिन खोकतं. मधी खाली, पोटात, काय हालत नाय."

"तुमच्या होडीत तिथे कोण झोपतं?"

"कोन झोपल? तितं बरफ आन मासळी."

पुतळी हसत सुटली. "सावेभावांना बरफात घालून गोव्याला नेतील! ताजे पोचतील!"

मी म्हटलं, "पुतळीबाई, तुम्ही सांगा. तुम्ही होडीत कुठे बसता?"

"मी?" ती म्हणाली. "मी कदी गेलेय? बायका नाय जात मासळीला."

"कधीच नाही?"

"साठ वरसं दर्याची मासळी विकते. किनाऱ्यावरनं न्याहाळते. होडीवर पाय नाय ठेवला."

मी थक्क झालो. बावीस वर्षं ह्या खाडीवर बातम्या गोळा करतोय, मासळीचे भाव लिहितोय, आणि हे मला ठाऊक नव्हतं. विचारलं, समजा जायला मिळालं तर कुठली खोली घ्याल?

तिने बोटाने हवेत चौकोन काढला. "जितनं दिसल ती. आत कोंडून बसाचा तं माजं घर काय वाईट हाय?"

नारू फिस्कारला. "दर्या काय बघाचा? चाळीस वरसं बघला. नुसता पानी."

दोन मतं पडली. एक चाळीस वर्षांच्या अनुभवाचं, दुसरं शून्य अनुभवाचं. निर्णय कठीण नव्हता.

११ डिसेंबर, मंगळवार

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी डहाणूत सौम्य धक्का. मी ओटीवर लिहीत होतो, मला जाणवला नाही. पण स्वयंपाकघरात कप फुटला. आत गेलो तर संगिता तुकडे गोळा करत होती. म्हणाली, "टेबलाच्या कडेवर राहिला होता."

"जमीन हलली का?"

ती तुकडे वेचत राहिली. "असेल."

वाईच्या पाठशाळेत सहा वर्षं न्याय शिकलो तो वाया गेला नाही. धूर दिसला की डोंगरावर आग आहे असं समजायचं, त्यासाठी डोंगर चढावा लागत नाही. तसाच हा कप. चार ओळींची बातमी पाठवली: डहाणू शहरात धक्का, घरांतील भांडी पडली. भांडी अनेकवचनी, कारण एका कपाला पेपरात जागा मिळत नाही.

१६ डिसेंबर, रविवार

केबिन ठरली. प्रवाशांच्या सगळ्यांत खालच्या मजल्यावर, बरोबर मध्यात, जिन्यापासून चौथी. आतली. हलणार नाही, आवाज नाही, आणि काही झालंच तर वीस पावलांत जिना. स्वतःवर इतका खूश मी बऱ्याच दिवसांत नव्हतो.

घरी आलो तेव्हा संगिता पेपर वाचत होती. हल्ली ती मान फिरवत वाचते, कोंबडी दाणे टिपते तशी. मी तसं म्हटलंही. ती हसली.

"खिडकी आहे ना?" तिने विचारलं.

मी तिला सगळं समजावून सांगितलं. नारूचा सल्ला, नाळेचं उडणं, नाचघर. शेवटी जिग्नेशलाही ऐकवलेलं माझं मुख्य वाक्य टाकलं: "डहाणूच्या माणसाने समुद्र बघायला जादा पैसे मोजायचे म्हणजे घोलवडच्या बागायतदाराने बाजारातून चिकू आणायचे. पारनाक्याच्या किनाऱ्यावर जाऊन उभं राहा, हवा तेवढा बघ. फुकट."

ती म्हणाली, "बरं."

बरं म्हणजे पटलं. मग गच्चीवरचे कपडे आणायला गेली. संध्याकाळच्या वेळी हल्ली ती भिंतीला हात लावत जिना चढते. रंग नुकताच दिलाय, हाताचे डाग पडतील, म्हणून मी मागून ओरडलो.

२२ डिसेंबर, शनिवार

सकाळी साडेसहाला पुन्हा धक्का. झोपेत असल्यामुळे मला कळला नाही. संगिताच्या कपाळाला दाराची चौकट लागली, चांगलं टेंगूळ आलं. घाईने बाहेर पडत असणार. हळद लावली. बातमी पाठवली. डहाणूतली ही माझी तिसरी खास बातमी. दुसरी तुळशीची कुंडी उलटली त्या दिवसाची.

दुपारी मुंबईच्या कचेरीतून फोन. उपसंपादिका म्हणाली, "सावेकाका, तुमच्या तिन्ही धक्क्यांची यंत्रावर नोंदच नाही. धुंदलवाडीचे आहेत, तलासरीचे आहेत. डहाणू शहराचे कुठून आणलेत?"

मी म्हटलं, "बाळ, यंत्र नवं आहे. त्याला आमच्या गावाची सवय व्हायला वेळ लागेल."

ती म्हणाली, "आणखी कुणाला जाणवले?"

मी म्हटलं, माझ्या पत्नीला. हा पुरावा मला पुरेसा वाटतो.

आणखी एक कोडं. आठवडाभर संगिता स्कूटर न्यायची सोडून रिक्षाने कोसबाडला जातेय. म्हणते, हॉर्न बिघडलाय. मी वाजवून पाहिला. शेजारचे दोन म्हातारे दचकून बाहेर आले, इतका उत्तम वाजतो.

३१ डिसेंबर, सोमवार

वर्ष संपलं. संगिता दर महिन्याला वलसाडला बहिणीकडे जाते, ती ह्या महिन्यात गेली नाही. भांडण झालं का विचारलं. नाही म्हणाली.

जेवताना माझ्याकडे टक लावून बघत होती. मी म्हटलं, "काय लागलंय चेहऱ्याला?"

"काही नाही. मिशी बरीच पांढरी झालीय."

"आता दिसली?"

"नीट बघितलं नव्हतं," म्हणाली, आणि बघतच राहिली. एवढं कौतुक लग्नातसुद्धा झालं नव्हतं.

६ जानेवारी २०१९, रविवार

हे कसं लिहायचं?

तलासरीला नेत्रशिबिर होतं. भूकंपाच्या भीतीने इमारतीत कुणी बसेना, म्हणून मैदानात मांडव घातला होता. मी नेहमीसारखा वही घेऊन पुढच्या खुर्चीत. डॉक्टर गुजरातेतले, पण मराठी छान बोलत होते. काचबिंदूवर बोलले. मी उतरवून घेतलं, ते वहीतून जसंच्या तसं इथे लिहितो:

"समोरची नजर शाबूत राहते म्हणून माणसाला आणि घरच्यांना पत्ता लागत नाही. जाते ती कडेची. माणूस चौकटीला धडकतो. कप टेबलावर ठेवायला जातो, तो कडेवर ठेवतो. जिना उतरताना भिंत धरतो. घरचे म्हणतात वेंधळा झालाय. गेलेली नजर परत येत नाही. थेंब नियमित घातले तर राहिलेली टिकते."

ह्याच्याखाली मी स्वतःच्या हाताने लिहिलंय: 'छान. बातमीशेजारी चौकटीत घेता येईल.'

चौकटीत घेता येईल, असं लिहिलंय मी.

नंतर डॉक्टरांचं नाव नीट लिहून घ्यायला तपासणीच्या टेबलापाशी गेलो. तिथे शितल नावाची मुलगी तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावत होती. माझं ओळखपत्र बघून म्हणाली, "सावे? कोसबाडच्या संगिता मॅडमचे मिस्टर का? मी वलसाडच्या दवाखान्यात असते ना. मॅडम गेल्या महिन्यात आल्याच नाहीत. थेंब संपले असतील त्यांचे."

"कसले थेंब?" मी विचारलं.

तिचा चेहरा पडला. हातातली पट्टी तिने टेबलावर ठेवली. "सॉरी सर. मला वाटलं तुम्हाला..."

"किती दिवस?"

ती डॉक्टरांकडे बघायला लागली.

"मुली, किती दिवस?"

"दोन वर्षं झाली असतील."

मागे रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "ए भाव, सरक ना, माजा नंबर हाय." मी सरकलो. मांडवाबाहेर आलो. एसटी आली, मी तिच्याकडे बघत उभा राहिलो, ती गेली. पुढची तासाने होती.

७ जानेवारी, सोमवार

ती शाळेत गेली. मी गेलो नाही कुठेच. घरात फिरून बघितलं. जिन्याच्या भिंतीवर हाताचे डाग आहेत, सगळे एकाच उंचीवर, पहिल्या पायरीपासून शेवटच्यापर्यंत. चहाच्या डब्याला रबर बांधलंय, साखरेच्या डब्याला नाही. हे कधीपासून?

धक्का नव्हता. एकही नव्हता.

८ जानेवारी, मंगळवार

काल बोलायचं धाडस झालं नाही. आज संध्याकाळी ती भाजी निवडत असताना समोर बसलो. काय म्हणायचं ते दोन दिवस जुळवत होतो, तोंडातून निघालं ते असं: "तलासरीच्या शिबिरात शितल भेटली."

तिने मेथीची जुडी खाली ठेवली.

"चांगली मुलगी आहे," ती म्हणाली. "तिला ओरडू नका."

"दोन वर्षं, संगिता!"

"हो."

"सांगायचं नाही?"

"सांगणार होते हो. कळलं त्याच दिवशी सांगणार होते. वलसाडहून आले, चहा केला, आणि तो बशीबाहेर ओतला गेला. तुम्ही त्यावर लगेच श्लोक रचलात. आठवतोय? चहा म्हणजे गंगा आणि मी भगीरथ, असा काहीतरी. छान झाला होता. मीही हसले. मग म्हटलं, उद्या सांगू."

मला श्लोक आठवत नाही. तो मी पुढे दोन-तीन ठिकाणी म्हणून दाखवला, एवढं आठवतं.

"कप फुटला तेव्हा?"

"तुम्ही म्हणालात भूकंप. इतक्या आनंदाने म्हणालात. पेपरला पाठवलंत सुद्धा. मी काय म्हणणार, नाही हो, मीच आहे?"

मला तिच्यावर रागवायचं होतं. फार होतं. राग यायला लागला की दुसऱ्या बाजूने तिसरंच काही यायचं.

"पूर्ण जाणार?" विचारलं.

"डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही. थेंबांनी टिकेल. पण तपासणीत दर वेळी नजर थोडी कमी भरते. म्हणून म्हटलं, आहे तोवर एकदा लांबवर बघून घेऊ. मध्ये काही नसेल असं. घर नाही, विजेचा खांब नाही. इथे रस्त्यावर बघायचं म्हणजे कडेने कोण अंगावर येईल ह्यातच सगळी नजर संपते. पारनाक्यालाही तेच. घोडागाडी, मुलांची सायकल, कुत्री. समुद्राकडे बघायला सवड कुठे मिळते?"

 तिने जुडी पुन्हा उचलली.

"थेंब का आणले नाहीत गेल्या महिन्यात?"

"टाळलं," ती म्हणाली. "तपासणी असते ना त्या दिवशी. बोटीवरून आल्यावर जाणार होते. त्याआधी आकडा नको होता मला."

११ जानेवारी, शुक्रवार

परवा वलसाडला गेलो, दोघे. थेंब आणले. तपासणी तिने करू दिली नाही, परत आल्यावर करू म्हणाली. मी आग्रह केला नाही. बावीस वर्षांच्या वार्ताहरकीत मी पहिल्यांदाच आकडा न मागता परत आलो.

आल्यावर उपसंपादिकेला फोन केला. "ते डहाणूचे तीन धक्के मागे घ्यायचेत. खुलासा छाप."

"यंत्र बरोबर होतं म्हणजे?"

"यंत्र बरोबर होतं."

"कारण काय देऊ, काका?"

"वार्ताहराची चूक असं लिही."

"नाव घालून?"

"घाल."

ती म्हणाली, "सगळं ठीक ना?" मी म्हटलं, छाप. आज छापून आलंय, आतल्या पानावर तळाला. संगिताने पेपर डोळ्यांसमोर धरून वाचलं. दोनदा वाचलं. मग घडी करून पेपर कपाटात ठेवला.

मग जिग्नेश. सकाळपासून त्याच्या दुकानात ठाण मांडून बसलो. खिडकी पाहिजे, मी म्हटलं. बाल्कनी असेल तर बाल्कनी.

"सर, एक आठवडा राहिला. सगळा भरला."

"बघ."

"तुम्हीच तर बोलला, समुद्र फुकट आहे."

"मी मूर्खासारखं बोललो. बघ."

भर बाजारात चप्पल काढून डोक्यावर ठेवणाऱ्या माणसाकडे बघावं, तसं त्याने माझ्याकडे पाहिलं. मग फोन लावत बसला. मुंबई, पुन्हा मुंबई, कुणी हार्दिकभाई. मी समोर बसून झेरॉक्स काढायला आलेल्यांचे सातबारे बघत राहिलो. दुपारी घरी जेवायला आलो तेवढ्यात त्याचा फोन.

"सर, एक सुटली! पाचवा मजला. खिडकी आहे, मोठी. पण सर, एक गोष्ट सांगते, ऐका..."

"घे," मी म्हटलं.

"ऐका तर—"

"घे, आधी घे, कुणीतरी पळवेल!" आणि फोन ठेवला. भाड्यातला फरक मी भरणार.

तिला सांगितलं तेव्हा ती माझ्याकडे बघत राहिली. ह्या वेळी मी मिशीवरून काही बोललो नाही.

१८ जानेवारी, शुक्रवार

जहाजावर. मुंबईच्या धक्क्यावरून ते बघितलं. आमच्या डहाणूची सगळी बाजारपेठ उचलून वर ठेवली तरी एक मजला रिकामा राहील. संगिताने माझा दंड धरला होता. दोन वर्षं ती काहीही न धरता माझ्याबरोबर बाजारात चालत होती, हे मला आता कळतंय.

पाचवा मजला. लांबलचक बोळ, दोन्हीकडे सारखी दारं. आमचं दार उघडलं. समोर मोठा पडदा, भिंतभर. मी म्हटलं, "थांब, डोळे मीट." मिटायला सांगितलं आणि जीभ चावली. पण तिने मिटले. मी पडदा सर्रकन ओढला.

नारिंगी.

काचेबाहेर वरपासून खालपर्यंत, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, नारिंगी रंगाची भिंत. त्यावर पांढऱ्या रंगात ११. काही क्षण मला ते काय आहे तेच कळेना. मग खाली दोर दिसले. संकटात उतरायची होडी, लाइफबोट. ती नेमकी आमच्या खिडकीसमोर टांगलेली.

"उघडू?" तिने विचारलं.

मी नाही म्हणेपर्यंत तिने उघडले.

मला ओरडायचं होतं. जिग्नेशवर, हार्दिकभाईवर, फोन ठेवणाऱ्या माझ्या हातावर. धावत खाली गेलो. काउंटरवरच्या मुलाने नम्रपणे सांगितलं, सगळं भरलंय, आणि तुमच्या तिकिटावर तसं लिहिलंय, सर. लिहिलं होतं. बारीक अक्षरांत, पण लिहिलं होतं. मी वाचलं नव्हतं. मी, ज्याने जन्मभर दुसऱ्यांच्या बातम्यांतल्या चुका काढल्या.

परत आलो, तर ती पलंगावर गुडघे टेकून काचेला गाल लावून बसली होती. जहाज सुटलं होतं. पायाखाली बारीक थरथर.

"संगिता, मी पैसे परत मागतो. मी लिहितो त्यांच्याविरुद्ध. मी..."

"श्श. या इकडे."

लाइफबोटीच्या पोटाखाली आणि कठड्याच्या वर एक फट होती. हातभर लांब, जेमतेम चार बोटं उंच. तिने मला तिच्या जागी बसवलं, डोकं धरून काचेला टेकवलं. "एक डोळा मिटा. दुसरा हलवायचा नाही. आता बघा."

फटीत पाणी होतं. हलणारं, संध्याकाळच्या उन्हाचं. एक पांढरा पक्षी आला, मधोमध आला, आणि नाहीसा झाला.

"कुठे गेला?" मी दचकून विचारलं.

"तसंच होतं," ती म्हणाली. "माणसंही तशीच येतात. लोकांना वाटतं कडेला काळं दिसत असेल. काळं नसतं हो. कडाच नसते. एकदम असतं, आणि एकदम नसतं."

मी तिथून हललो नाही. दुसरा पक्षी आला, गेला. एक ओंडका आला आणि मी मान मागे घेतली, कारण तो कुठून आला ते दिसलंच नाही.

"सरका आता," ती म्हणाली. "तुम्ही फुकट बघणारे. पैसे मी भरलेत."

१९ जानेवारी, शनिवार

सकाळी न्याहारीनंतर वरच्या उघड्या मजल्यावर गेलो. जहाज झोपलेलं होतं, तुरळक माणसं. पुढच्या टोकाला कठड्यापाशी जागा मिळाली. नारूने वर्ज्य सांगितलेली तीच जागा, जिथे नाळ उडते. खरंच उडत होती. माझ्या पोटात ढवळत होतं, ते मी तिला सांगितलं नाही. मग आठवलं, आणि सांगितलं. ती म्हणाली, "लांब बघा, बरं वाटेल."

ती कठडा धरून सरळ समोर बघत होती. वारा इतका की पदर तिने कमरेत खोचला होता. तिच्यासमोर काही नव्हतं; घर नाही, खांब नाही, अंगावर येणारं कुणी नाही. ती डोळे इकडेतिकडे करतच नव्हती. बराच वेळ. मी तिच्याकडे बघत होतो, समुद्राकडे नाही.

मग तिने विचारलं, "डावीकडे काय आहे?"

मी एक नजर टाकली. "काही नाही."

"काही नाही ते मलाही दिसतंय," ती म्हणाली. "काय आहे ते सांगा."

घशाशी एक उपमा आली होती. चांगली होती, मोत्यांची वगैरे. ती गिळली. डावीकडे वळलो आणि नीट बघितलं.

"पाणी," मी म्हटलं. "आपल्याजवळचं हिरवट. पुढे राखाडी. मध्ये एक पट्टा चकाकतोय, का ते कळत नाही. लांब जमीन असेल... नाही, ढग आहे. त्याच्या अलीकडे एक होडी. दोन माणसं. नाही, तीन, एक वाकलाय म्हणून आधी दिसला नाही. जाळं वर घेताहेत. जड असावं."

"असावं, की आहे?"

 डोळे बारीक करून पाहिलं. होडी त्या अंगाला कलली होती, आणि तिघेही मागे रेलले होते.

"आहे," मी म्हटलं. "होडी कललीय."

तिने मान हलवली. मग माझ्या मागून चाचपत ती माझ्या डाव्या हाताला आली, बाही धरली, आणि म्हणाली, "आता उजवीकडे."